‘ब-१’ मिळाला म्हणजे नेमकं काय झालं? मुलांचं प्रगतिपुस्तक असं वाचा

१ मेची सकाळ. झेंडावंदन झालं की राज्यातल्या अनेक शाळांमध्ये निकाल वाटायला सुरुवात होते. मूल घरी पोहोचायच्या आत प्रगतिपुस्तकाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला असतो. आत्या अंगठा दाखवते, मामा ‘अभिनंदन’ म्हणतो आणि काका विचारतात, “टक्के किती पडले?”

इथेच गाडी अडते. कारण सहावी-सातवीच्या प्रगतिपुस्तकात बहुतेक वेळा टक्के नसतातच. तिथे असतं ‘अ-२’, ‘ब-१’, ‘क-१’. शेजारी दोन-तीन ओळींच्या नोंदी, हजेरीचा रकाना, उंची-वजन आणि खाली तीन सह्या. वर्गशिक्षकांची, मुख्याध्यापकांची आणि पालकांची.

पालकांची सही होते, पुस्तक परत जातं. पण त्यावर लिहिलेल्याचा अर्थ किती घरांत कळतो? आठवीपर्यंत ‘ब’ श्रेणी मिळवणारं मूल नववीत गणितात नापास होतं, तेव्हा ‘इतकी वर्षं शाळेने सांगितलं का नाही?’ असा प्रश्न घरोघरी पडतो. बऱ्याचदा शाळेने सांगितलेलं असतं, पण चुकीच्या रकान्यात बघितलेलं असतं. कधीकधी खरोखरच सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्रातल्या शाळा मुलांना श्रेणी कशी देतात, पास-नापासचे सध्याचे नियम काय आहेत आणि पालकांना काय विचारण्याचा हक्क आहे, हे समजून घेऊया.

गुण जाऊन श्रेणी कधी आली?

पूर्वी प्रगतिपुस्तक म्हणजे विषयवार गुण, एकूण बेरीज, टक्केवारी आणि वर्गातला क्रमांक. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक असा ठरलेला क्रम होता आणि वार्षिकात गडगडलं की मूल त्याच वर्गात राहायचं.

हे चित्र बदललं ते शिक्षण हक्क कायद्यामुळे. २००९ साली संसदेने मंजूर केलेला हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, शाळेतून काढून टाकायचं नाही आणि बोर्डाची परीक्षा पास होण्याची सक्ती करायची नाही, असं त्यात ठरलं. मुलाचं आकलन वर्षभर, वेगवेगळ्या मार्गांनी तपासत राहावं, असंही कायद्याने सांगितलं.

त्यानुसार महाराष्ट्र सरकारने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला आणि पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही पद्धत आणली. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. सातत्यपूर्ण म्हणजे वर्षभर, एकाच दिवशी नाही. सर्वंकष म्हणजे फक्त लेखी पेपर नाही, तर बोलणं, वाचणं, करून बघणं, चित्र काढणं, खेळणं, सगळंच.

आकारिक आणि संकलित: हे दोन शब्द काय सांगतात?

या पद्धतीत मूल्यमापनाचे दोन भाग आहेत.

आकारिक मूल्यमापन म्हणजे मूल शिकत असतानाच त्याच्याकडे बघणं. यासाठी आठ प्रकारची साधनं ठरवून दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. या ‘इतर’मध्ये मुलाने स्वतःचं आणि वर्गमित्रांनी एकमेकांचं केलेलं मूल्यमापनही येतं.

संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. जुन्या भाषेत सहामाही आणि वार्षिक.

दोन्हींचं वजन इयत्तेप्रमाणे बदलतं:

- पहिली-दुसरी: आकारिक ७० टक्के, संकलित ३० टक्के
- तिसरी-चौथी: आकारिक ६०, संकलित ४०
- पाचवी-सहावी: आकारिक ५०, संकलित ५०
- सातवी-आठवी: आकारिक ४०, संकलित ६०

म्हणजे मूल लहान असताना वर्गातल्या रोजच्या कामाला जास्त महत्त्व, मोठं होत जाईल तसं परीक्षेला जास्त. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना मात्र लेखी परीक्षा नाही, तिथे पूर्ण मूल्यमापन आकारिकच.

‘ब-१’ म्हणजे किती?

दोन्ही भागांचे गुण मिळून १०० पैकी जे होतात, त्यावरून श्रेणी ठरते:

- ९१ ते १००: अ-१
- ८१ ते ९०: अ-२
- ७१ ते ८०: ब-१
- ६१ ते ७०: ब-२
- ५१ ते ६०: क-१
- ४१ ते ५०: क-२
- ३३ ते ४०: ड
- २१ ते ३२: इ-१
- २० आणि त्याखाली: इ-२

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. ६१ गुणांचं मूल आणि ७० गुणांचं मूल, दोघंही ‘ब-२’. पण ६० आणि ६१ मध्ये एका गुणाचाच फरक असूनही एकाला ‘क-१’ आणि दुसऱ्याला ‘ब-२’. एका गुणाची चुरस कमी व्हावी, यासाठीच श्रेणी आणली गेली. त्यामुळे शेजारच्या मुलाचा ‘ब-२’ आणि आपल्या मुलाचा ‘क-१’ यावरून घरात रामायण घडवण्यात अर्थ नाही.

श्रेणी एक, मुलं दोन

श्रेणीची खरी मर्यादा वेगळीच आहे. सहावीतली दोन काल्पनिक मुलं घेऊ. विषय गणित. आकारिकला ५० गुण, संकलितला ५० गुण.

पहिल्या मुलीला आकारिकमध्ये ४२ आणि संकलितमध्ये २४ मिळाले. बेरीज ६६, श्रेणी ‘ब-२’. वर्गात ती फळ्यावर उदाहरण सोडवते, तोंडी उत्तरं देते, प्रकल्प नीट करते. पण लेखी पेपरमध्ये वेळ पुरत नाही किंवा शाब्दिक उदाहरण वाचून नेमकं काय विचारलंय ते उलगडत नाही.

दुसऱ्या मुलाला आकारिकमध्ये २६ आणि संकलितमध्ये ४०. बेरीज पुन्हा ६६, श्रेणी पुन्हा ‘ब-२’. हा पेपर चांगला लिहितो, पण वर्गात गप्प असतो, वह्या अपुऱ्या आहेत, गटात काम करायला कचरतो. कदाचित शिकवणीत पाठांतर पक्कं होत असेल.

दोघांना लागणारी मदत पूर्णपणे वेगळी आहे. पण प्रगतिपुस्तकावर दोघांपुढे एकच अक्षर. म्हणून श्रेणी बघून थांबायचं नाही, तर आकारिक आणि संकलितचे वेगवेगळे गुण किती, हे विचारायचं. ते शाळेच्या नोंदींमध्ये असतात.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना, जो कोणी वाचत नाही

प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींची जागा असते. साधारण तीन शीर्षकं असतात: ‘विशेष प्रगती’, ‘आवड किंवा छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’. शेवटचा रकाना हा खरं तर शिक्षकाने पालकाला लिहिलेला निरोप असतो.

आता दोन नोंदी बघा.

एक: “अभ्यासात नियमितता हवी.”

दुसरी: “हातच्याची वजाबाकी करताना मध्ये शून्य आलं की अडतो. घरी दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन सराव घ्यावा.”

पहिली नोंद कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही मुलाला लागू पडते. दुसरी एका विशिष्ट मुलाला बघूनच लिहिता येते, आणि ती वाचून घरचं माणूस त्याच संध्याकाळी काहीतरी करू शकतं.

अडचण अशी की पहिल्या प्रकारच्या नोंदींचीच संख्या मोठी आहे. इयत्तेनुसार, विषयानुसार तयार नोंदींच्या याद्या इंटरनेटवर सहज सापडतात आणि शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत असतात. त्यातल्या ओळी उचलून भरल्या की रकाना रिकामा दिसत नाही, पण पालकाच्या हाती काही लागत नाही.

यात सगळा दोष शिक्षकांवर टाकणं सोपं आहे, पण हिशेब करून बघा. वर्गात ४० मुलं, ९ विषय, प्रत्येक विषयात प्रत्येक मुलाची एकच नोंद धरली तरी एका सत्रात ३६० नोंदी होतात. दोनशिक्षकी शाळेत तर एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. एका मुलाजवळ पाच मिनिटं बसून त्याचं नेमकं कुठे अडतंय ते बघायला जो वेळ लागतो, तोच इथे सगळ्यात कमी असतो.

म्हणूनच नोंद मोघम असेल, तर पालकाने विचारलेला एक नेमका प्रश्न बरंच काम करून जातो.

आता पाचवी-आठवीत नापास करतात का?

हो, तशी तरतूद आता आहे. ‘आठवीपर्यंत नापास नाही’ हा नियम पूर्वीसारखा राहिलेला नाही.

मूल वरच्या वर्गात ढकललं जातं, पण शिकत नाही, अशी टीका अनेक वर्षं होत होती. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा घ्यावी, नापास झालेल्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी आणि त्यातही यश आलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे संबंधित सरकारने ठरवावं, अशी ही दुरुस्ती आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले. त्यानुसार पाचवी आणि आठवीला द्वितीय सत्राच्या शेवटी वार्षिक परीक्षा असते. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० गुणांचा आणि उत्तीर्ण होण्यासाठी विषयात ३५ टक्के गुण हवेत. म्हणजे पाचवीत ५० पैकी १८ आणि आठवीत ६० पैकी २१. पुनर्परीक्षेतही अपयश आलं तर मूल त्याच वर्गात राहतं.

दोन गोष्टी मात्र बदललेल्या नाहीत. पहिली म्हणजे, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसरी म्हणजे, पाचवी आणि आठवी सोडून बाकीच्या इयत्तांत, म्हणजे पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत, मुलाला मागे ठेवता येत नाही.

त्यामुळे चौथीच्या प्रगतिपुस्तकातला ‘ड’ किंवा ‘इ-१’ आता हलक्यात घेऊन चालत नाही. मूल पाचवीत जाणार हे नक्की असतं, पण पाचवीतून सहावीत जाणं तितकं नक्की नसतं.

आणि ही सरकारी चाचणी कसली?

‘पायाभूत चाचणी’ असंही एक नाव मुलांच्या तोंडून ऐकू येतं. २०२३-२४ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मुलांची प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांत राज्यस्तरावरून आलेल्या प्रश्नपत्रिकांवर चाचणी घेतली जाते. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी मुलाला पास-नापास करण्यासाठी नसते. मागच्या इयत्तेतलं किती पक्कं आहे आणि कुठून शिकवायला घ्यायचं, हे शिक्षकाला कळावं म्हणून ती असते. या चाचणीत मुलाचं काय झालं, हे पालकांनी जरूर विचारावं. पुढचं अख्खं वर्ष हातात असताना मिळणारी ही माहिती असते.

नववीत धक्का का बसतो?

नववीत सगळं एकदम बदलतं. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. इथून पुढे गुण, ३५ टक्क्यांची अट आणि नापास होण्याची शक्यता. तोपर्यंत श्रेणीची सवय झालेल्या घराला हा धक्का असतो.

दहावीत राज्य मंडळाच्या शाळांमध्ये साधारण ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. विषयानुसार तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, गृहपाठ, प्रकल्प यांचे. या २० गुणांचं वजन किती, याचा अंदाज तीन वर्षांच्या निकालावरून येतो. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१८-१९ या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले गेले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी हे गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

अर्थात, सगळा फरक या २० गुणांचाच होता असं म्हणता येणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले होते. पण एक गोष्ट कळते: निकाल वर गेला म्हणजे मुलं हुशार झाली आणि खाली आला म्हणजे ‘ढ’ झाली, असं नसतं. मोजायची पट्टी बदलली की आकडाही बदलतो.

दहावीच्या गुणपत्रिकेवर ७५ टक्के आणि त्यावर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून टक्केवारी काढली जाते. यालाच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. त्यामुळे ग्रुपवर आलेल्या दोन टक्केवाऱ्यांपैकी एक ६०० पैकी आणि दुसरी ५०० पैकी काढलेली असू शकते. तुलना करण्याआधी तेवढं तपासावं.

सीबीएसईचा ‘ए-१’ आणि राज्य मंडळाचा ‘अ-१’ एकच का?

नाही. अक्षरं सारखी दिसतात, अर्थ वेगळा आहे.

राज्यातल्या प्राथमिक शाळेतला ‘अ-१’ म्हणजे ९१ ते १०० गुण. वर्गातल्या सगळ्यांना ९१ पडले तर सगळ्यांना ‘अ-१’.

सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत मात्र विषयात उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची गुणांनुसार उतरती यादी करून पहिल्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना ‘ए-१’ दिला जातो, पुढच्या एक अष्टमांशाला ‘ए-२’ आणि असंच खाली. म्हणजे तो ग्रेड मुलाला किती येतं यापेक्षा इतरांच्या तुलनेत ते कुठे आहे, हे सांगतो. एखाद्या सोप्या गेलेल्या विषयात ९१ गुण पडूनही ‘ए-१’ हुकू शकतो.

असाच गोंधळ टक्के आणि पर्सेंटाइलचा होतो. एमएचटी-सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ९० टक्के विद्यार्थी त्या मुलाच्या बरोबरीने किंवा त्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

प्रगतिपुस्तक पुन्हा बदलणार?

बदलाची सुरुवात झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाच्या मतासोबत मुलाने स्वतःबद्दल काय सांगितलं, वर्गमित्रांना काय वाटतं आणि घरी पालकांना काय दिसतं, यालाही जागा आहे. एनसीईआरटीअंतर्गत २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘परख’ या संस्थेने त्याचे नमुने तयार केले आहेत आणि टप्प्याटप्प्याने ते शाळांमध्ये आणण्याचं धोरण आहे.

कल्पना चांगली आहे. पण मुलाने स्वतःचं मूल्यमापन करण्याची सोय २०१० च्या पद्धतीतही होती. नवा नमुना कितीही सुंदर छापला, तरी तयार यादीतून ओळी उचलून तो भरला गेला तर फक्त रकाने वाढतील.

पालकांचा हक्क काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे त्यातलं एक. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगणं हे दुसरं. म्हणजे पालक सभेत ‘माझ्या मुलाचं कसं चाललंय?’ हे विचारणारा पालक कुणाकडे मेहेरबानी मागत नसतो.

पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारता येतील:

- आकारिक आणि संकलितमध्ये वेगवेगळे किती गुण आहेत? दोन्हींत मोठा फरक असेल तर का?
- ‘सुधारणा आवश्यक’मध्ये जे लिहिलंय, त्याचं एक उदाहरण वहीत दाखवाल का?
- मूल आपल्या इयत्तेचा धडा अडखळत न वाचता अर्थ सांगू शकतं का?
- पायाभूत चाचणीत कोणत्या विषयात मागे होतं आणि त्यानंतर काय फरक पडला?
- घरी रोज पंधरा मिनिटं मिळाली तर नेमकं काय करून घेऊ?

आणि एक प्रश्न मुलासाठी. “किती पडले?” याऐवजी “कोणत्या विषयात अडतंय?” असं विचारलं, तर प्रगतिपुस्तकात न लिहिलेलं उत्तर घरातच मिळण्याची शक्यता जास्त असते.

हजेरीचा रकानाही बघायला विसरू नका. कामाचे दिवस किती आणि मूल हजर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की अनेकदा ‘ब’चा ‘क’ कसा झाला, याचं कोडं तिथेच सुटतं.